टायटॅनियमचा दात आणि फ्लोराइडची चूळ



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही ‘दात’ असे उत्तर दिले. ते हसून म्हणाले, “दातओठ खाऊन बोलण्याची तुमची सवय साऱ्या गावाला ठाऊक आहे, पण दातांवरच बोलणार हे नवे.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. तीस वर्षे कामगार चळवळीत घालविलेल्या माणसाने किमान वेतनावर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे, फार तर कामगार न्यायालयातील गमतीजमती सांगाव्यात, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. शिवाय आम्ही दंतवैद्य नव्हे आणि रसायनशास्त्राचे पदवीधरही नव्हे. शाळेतले आमचे शिक्षण आठवीत संपले. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयात, कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींचा चहा पीत, आणि न्यायालयाच्या ओसरीवर तारखेची वाट पाहत झाले. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते विद्वानाचे प्रवचन नव्हे. एका प्रश्नामागे आम्ही वर्षभर हिंडलो, त्या हिंडण्याचा हा हिशेब आहे.

प्रश्न आमचा नव्हता. तो आमच्या युनियनच्या एका सभासदाचा होता. पोलादाच्या व इतर धातूंच्या नळ्या व टाक्या बनविणाऱ्या एका कारखान्यात ते पिकलिंग खात्यात काम करतात. पिकलिंग म्हणजे लोणचे घालणे नव्हे, पण प्रकार तसाच आंबट. जोडकाम झालेला माल ॲसिडच्या टाकीत बुडवायचा, वरचा काळा थर खाऊन जाऊ द्यायचा, मग पाण्याने धुऊन चकचकीत काढायचा. या गृहस्थांच्या खालच्या दोन दाढा गेल्या. ‘दात आहेत तर चणे नाहीत’ ही म्हण आपल्याकडे जुनी आहे. पण आता चणे असणाऱ्याला दातही विकत मिळतात. त्यांनी सोसायटीचे कर्ज काढले आणि जबड्याच्या हाडात टायटॅनियमची दोन मळसूत्रे बसवून घेऊन त्यांवर दाढा चढविल्या. हप्ते तीन वर्षांचे. दंतवैद्यांनी उरलेले दात किडू नयेत म्हणून रोज फ्लोराइडच्या औषधाने चूळ भरावयास सांगितले.

एके दिवशी संध्याकाळी ते युनियनच्या कचेरीत आले, बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “अण्णा, ह्यावर फ्लोराइड लिहिलंय. आमच्या टाकीतसुद्धा फ्लोराइडच असतं. टायटॅनियमची नळी त्यात टाकली की कशी फसफसते ते मी रोज डोळ्यांनी बघतो. मग माझ्या तोंडात काय होत असेल? तीन वर्षं हप्ते मी कशाचे भरतोय?”

आम्ही पुष्कळ साहेबांच्या प्रश्नांना तोंड दिले आहे. पण या प्रश्नाला चटकन उत्तर देता आले नाही. कारण माणूस अडाणीपणाने विचारत नव्हता. त्याने डोळ्यांनी पाहिलेले खरे होते, आणि बाटलीवर लिहिलेलेही खरे होते.

आता टायटॅनियम ही काय चीज आहे ते आधी पाहू. १७९१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर नावाच्या एका पाद्र्याला ओढ्यातल्या काळ्या वाळूत हा नवा धातू असल्याचे उमगले. चार वर्षांनी, १७९५ मध्ये, क्लाप्रोथ या जर्मन रसायनज्ञाने ग्रीक पुराणांतल्या टायटन नावाच्या दैत्यांवरून त्याला नाव दिले. ही काळी वाळू, म्हणजे इल्मेनाइट, आपल्याला काही परकी नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जो फिरला असेल त्याने ती पायांखाली तुडविलेली आहे. वाळू सापडली तरी तीतून धातू काढणे महाकठीण. विल्हेल्म क्रोल या लक्झेंबर्गच्या धातुशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात व्यवहारात चालेल अशी रीत बसविली, तेव्हा कोठे हा धातू कारखान्यांत आला.

वास्तविक टायटॅनियम मोठा तापट धातू आहे. प्राणवायू दिसला की त्याच्याशी संयोग पावल्यावाचून तो राहत नाही. मग तो गंजून का जात नाही? आमच्या लहानपणी दारावर कल्हईवाला येत असे. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते. म्हणून आतून कल्हई करून घ्यावयाची. कल्हई म्हणजे ताक आणि पितळ यांच्यामध्ये उभा केलेला पातळ पडदा. टायटॅनियम आपली कल्हई आपणच करतो. हवा किंवा पाणी लागताक्षणी त्याच्या अंगावर स्वतःच्याच ऑक्साइडचा थर चढतो. तो काही नॅनोमीटर जाडीचा असतो. माणसाच्या केसाच्या जाडीचे दहा-पंधरा हजार पापुद्रे केले तर त्यांतला एक. आणि गंमत अशी की हा थर ओरखडला तर डोळ्याचे पाते लवण्याआधी नवा थर तयार होतो. कल्हईवाल्याला हाक मारावी लागत नाही. लोखंडाचा गंज पोपडे धरून सुटतो आणि आतले लोखंड पुन्हा उघडे पडते. टायटॅनियमचा हा ‘गंज’ मात्र घट्ट धरून बसतो आणि त्यालाच राखतो. म्हणून समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही या धातूच्या नळ्या वर्षानुवर्षे टिकतात.

हाडालाही हा थर खटकत नाही. १९५२ साली स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी टायटॅनियमचे एक लहान उपकरण बसवून प्रयोग करीत होते. प्रयोग संपल्यावर उपकरण काढावयास गेले, तर ते निघेना. हाड त्याला चिकटून बसले होते. दुसरा एखादा संशोधक महागडे उपकरण वाया गेले म्हणून कपाळावर हात मारून घेता. ब्रोनेमार्क यांनी त्यात दात पाहिला. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची मळसूत्रे बसविली, आणि ती त्या गृहस्थाला मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे पुरली. आज आपल्या तालुक्याच्या गावीही हे काम होते.

दुसरी बाजू फ्लोराइडची. याच्याबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मते आहेत आणि दोन्हींना आधार आहे. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत विहिरी-बोअरिंगच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे धरतात. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून असे पाणी शुद्ध करण्याची जी रीत काढली तिला आंध्रातल्या, म्हणजे आताच्या तेलंगणातल्या, नलगोंडा जिल्ह्याचे नाव मिळाले. असे असले तरी हेच फ्लोराइड अल्प प्रमाणात दाताच्या वरच्या कवचात शिरले की कवच आंबटाला अधिक दाद देईनासे होते आणि कीड मंदावते. मुलांवर झालेल्या चाचण्यांचा एक मोठा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली नियमाने फ्लोराइडच्या चुळा भरणाऱ्या मुलांत दातांची कीड सुमारे २७ टक्क्यांनी कमी आढळली, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा आमच्या सभासदाला ‘बाटली फेकून दे’ असे सांगणे सोपे होते, पण त्याचे उरलेले सव्वीस दात कोणी सांभाळायचे?

आता टाकीकडे वळू. या टाकीशी आमची ओळख जुनी आहे आणि ती कडू आहे.

पिकलिंगच्या टाकीत नायट्रिक ॲसिड आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिड यांचे मिश्रण असते. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात (त्याचे नाव आम्ही घेत नाही) कंत्राटावरच्या एका पोराच्या हातमोज्याला टाचणीएवढे भोक होते. बोटावर थेंब गेला. जळजळ नाही, फोड नाही; त्याने पाण्याखाली हात धरला आणि पाळी पुरी केली. रात्री अकराच्या सुमारास बोट असे ठणकू लागले की पोरगा भिंतीवर डोके आपटू लागला. हायड्रोफ्लोरिकची हीच खोड आहे. हे ॲसिड दुबळे म्हणून ओळखले जाते. दुबळे याचा अर्थ एवढाच, की पाण्यात गेल्यावर त्याचे हायड्रोजन आणि फ्लोराइड पुरते विलग होत नाहीत, पुष्कळसे जोडीनेच राहतात. ही जोडी कातडीतून सुखासुखी आत उतरते आणि आत गेल्यावर फ्लोराइड शरीरातल्या कॅल्शियमला पकडते. यावर उपाय आहे: कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम ताबडतोब चोळावयाचे. ते त्या शेडमध्ये नव्हते. पोराच्या बोटाचे एक पेर गेले. त्या वर्षीच्या मागणीपत्रकात पगारवाढीच्या वर, पहिल्या क्रमांकावर, आम्ही त्या मलमाची नळी लिहिली होती. व्यवस्थापकांना वाटले, आम्ही थट्टा करतो आहोत.

हे इथे सांगण्याचे कारण असे की, कातडीत घुसणारी जी जोडी, तीच टायटॅनियमच्या कल्हईवर चालून जाते. आमच्या सभासदाच्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. फ्लोराइड एकटे असले तर टायटॅनियमच्या थराचे ते फारसे काही करू शकत नाही. आंबटपणा एकटा असला, म्हणजे लिंबू म्हणा, चिंच म्हणा, तरी थर त्याला भीक घालीत नाही. पण दोन्ही एकत्र आली, आंबट पाण्यात फ्लोराइड पडले, की ती एकमेकांना धरतात, हायड्रोफ्लोरिक ॲसिड बनते, आणि ते थराला विरघळवून त्याच्याखालच्या धातूला हात घालते. नवा थर बनण्याचा वेग जुना विरघळण्याच्या वेगापुढे कमी पडतो. टाकीत जे फसफसताना दिसते ते हेच.

म्हणजे बाटलीवर ‘फ्लोराइड’ हा शब्द आहे की नाही, एवढ्यावरून काही ठरत नाही. बाटलीतले पाणी आंबट किती, हेही विचारावे लागते. आंबटपणा मोजण्याची फूटपट्टी म्हणजे पीएच. सात म्हणजे धड आंबट ना तुरट, मधले. सातापासून जसजसे खाली यावे तसतसा आंबटपणा वाढतो, आणि तो एकेका आकड्याला दसपटीने वाढतो हे ध्यानात ठेवावे. पाचाचे पाणी सहाच्या पाण्यापेक्षा दसपट आंबट.

१९९९ साली जपानमध्ये नाकागावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्ध टायटॅनियम निरनिराळ्या प्रमाणाच्या फ्लोराइडमध्ये आणि निरनिराळ्या पीएचमध्ये ठेवून पाहिले. त्यांना जे आढळले ते आम्हांला फार मोलाचे वाटते. फ्लोराइड किती आणि आंबटपणा किती यांच्या शेकडो जोड्या होऊ शकतात. पण त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच आकडा निघाला. द्रवात हायड्रोफ्लोरिकचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ३० भागांच्या वर गेले की टायटॅनियमचा थर मोडतो. त्याच्या खाली राहिले तर टिकतो.

हा आकडा हाती आल्यावर बाकी काम बोनसच्या हिशेबाइतकेच सोपे होते, म्हणून आम्ही ते प्रयोगशाळेतल्या एका तरुण मित्राच्या मदतीने कागदावर मांडले. रोज वापरण्याच्या चुळीच्या औषधात बहुधा ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइड असते. त्यातले नुसते फ्लोराइड मोजले तर दशलक्षात सुमारे २२६ भाग. हे पाणी पीएच सातचे असेल तर त्यातले हायड्रोफ्लोरिक भरते ०.०३ भाग. तीस कोठे आणि शून्य दशांश शून्य तीन कोठे! मर्यादेच्या हजारावा हिस्सा. पीएच पाच असेल तर होतात तीन-साडेतीन भाग, अजून ठीक. पण तेच पाणी पीएच चारवर आले की आकडा जवळजवळ तिसाला येऊन भिडतो. बाटलीवरचा फ्लोराइडचा आकडा तोच, अक्षरही बदललेले नाही. आणि हिशेब मात्र हजारपटीने फिरला.

आठवड्यातून एकदा वापरण्याची ०.२ टक्क्यांची औषधे असतात, त्यांत फ्लोराइड सुमारे ९०० भाग. तिथे पीएच साडेचारलाच मर्यादा ओलांडली जाते. आणि दवाखान्यात दातांवर लावतात ते आंबट फॉस्फेटचे फ्लोराइड जेल, त्यात फ्लोराइड तब्बल १२,३०० भाग आणि पीएच साडेतीनच्या आसपास. तिथे तर हायड्रोफ्लोरिक हजारांत जाते. हे जेल मुद्दामच आंबट केलेले असते, कारण आंबटात फ्लोराइड दाताच्या कवचात लवकर शिरते. नैसर्गिक दाताला ते चांगले. टायटॅनियमच्या बाबतीत ते आमच्या टाकीचे धाकटे भावंड आहे. चिनीमातीच्या टोपीचीही चकाकी ते घालवते. समजदार दंतवैद्य अशा तोंडात उदासीन, म्हणजे आंबट नसलेले, जेल वापरतात. पण आपल्या जबड्यात टायटॅनियम आहे हे त्यांना आपण सांगावयास हवे. विशेषतः दात एका गावी बसविले आणि साफसफाईला दुसऱ्याच गावच्या दवाखान्यात गेलो तर.

इथवर गाडी सरळ आली. पुढे रस्ता जरा खडबडीत आहे.

पहिली गोष्ट अशी की, बाटलीतला पीएच आणि तोंडातला पीएच एक नव्हे. लाळ ही निसर्गाने दिलेली मोठी सोय आहे; ती आंबटपणा झपाट्याने मारते आणि फ्लोराइड पातळ करते. चूळ मिनिटभराची, लाळ चोवीस तासांची. प्रयोगशाळेत धातूचा तुकडा तासन् तास द्रवात बुडवून ठेवतात. तसे आपण कोणी तोंडात औषध धरून बसत नाही. म्हणून काचेच्या भांड्यातला निकाल जसाच्या तसा माणसाच्या तोंडावर लावू नये. पण उलटही एक बाब आहे. दाताच्या मुळाशी, हिरडीच्या कडेखाली, जिथे ब्रश पोहोचत नाही आणि पांढरट कीट साचते, तिथे लाळेचे राज्य चालत नाही. गोड खाल्ले की त्या किटातले जंतू आम्ल बनवितात आणि तिथला पीएच पाचाच्या खाली उतरू शकतो. तिथे प्राणवायूही कमी, आणि प्राणवायू कमी म्हणजे कल्हई पुन्हा चढण्यास अडचण. अशा ठिकाणी ती तीस भागांची मर्यादा आणखी खाली येते. गिरणगावातल्या चाळीत पाहावे, दर्शनी जिना धुतलेला असावा आणि मोरीच्या मागल्या कोपऱ्यात भिंत ओल धरून फुगलेली असावी, तसे हे आहे.

मग होते काय? मळसूत्र वितळून पडते का? नाही. हाडातला तो खुंट चांगला जाड असतो आणि त्याचा मोठा भाग हाडाच्या आत सुरक्षित असतो. धोका असतो तो हिरडीपाशी उघड्या राहिलेल्या मानेला. तिथला गुळगुळीतपणा जातो, पृष्ठभाग खरबरीत होतो. खरबरीत जागेवर कीट अधिक धरते, किटामुळे आंबटपणा वाढतो, आणि चक्र सुरू होते. हिरडी सुजते. सुजलेल्या हिरडीत टायटॅनियमचे बारीक कण सापडल्याचे संशोधक सांगतात. पण कणांमुळे सूज आली की सुजेमुळे कण सुटले याबद्दल त्यांच्यात एकमत नाही. आम्ही त्यांच्यात पंच म्हणून बसणार नाही.

दुसरी गोष्ट तारांची, आणि ही आम्हांला अधिक गंभीर वाटते, कारण ती पोरांची आहे. वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी ज्या तारा लावतात त्यांतल्या पुष्कळशा निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या असतात. हा मिश्रधातू अमेरिकन आरमाराच्या प्रयोगशाळेत १९५९ च्या सुमारास विल्यम ब्यूलर यांच्या हातून पुढे आला. वाकविला तरी मूळ आकारावर येण्याची त्याला जिद्द असते, आणि त्या जिद्दीचाच दातांवर जोर लावून घेतात. दुसऱ्या काही तारा बीटा टायटॅनियम नावाच्या प्रकारच्या असतात. आमच्या त्याच सभासदाच्या मुलीला, कॉलेजात जाणाऱ्या, अशी तार होती. ती एका रात्री काही कडक न खाताच तुटली. दवाखान्यातल्या मदतनिसाने पोरीलाच झापले, “चिक्की खाल्ली असशील!” पोरगी रडत घरी आली. आम्ही तिची साक्ष खरी धरतो. मात्र तिची तार कशाने तुटली याचा पुरावा आमच्यापाशी नाही, म्हणून दोष कोणाला देत नाही.

पण अशा तारा तुटण्याचे एक कारण शास्त्रज्ञांनी दाखविलेले आहे, ते सांगतो. हायड्रोफ्लोरिकने टायटॅनियम खाल्ले की त्यातून हायड्रोजन सुटतो. सगळा बुडबुड्यांनी वर जात नाही. काही धातूच्या पोटात शिरतो. टायटॅनियमला हायड्रोजनची हाव आहे. पोटात हायड्रोजन साठला की धातू ठिसूळ होतो. वरून चकाकी तशीच, वजन तेवढेच; आणि ताण मात्र सहन होत नाही. जपानमधील संशोधकांनी २००३ मध्ये बीटा टायटॅनियमच्या तारा ताणून आंबट फ्लोराइडच्या द्रवात ठेवल्या. काही काळ काहीच झाले नाही, आणि मग त्या अचानक तुटल्या. मळसूत्रावर तारेसारखा कायमचा ताण नसतो आणि ते जाड असते. तार बारीक असते आणि तिचे सारे काम ताणावरच चालते. म्हणून तिला हा रोग अधिक.

२००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निकेल-टायटॅनियमच्या तारा फ्लोराइड जेलमध्ये दीड तास बुडविल्या. रोज एक मिनिट धरले तर हा तीन महिन्यांचा हिशेब होतो. तारांचा दात ओढण्याचा जोर कमी झाल्याचे दिसले. आणि हे आंबट जेलनेच नव्हे, उदासीन जेलनेही झाले. जेलमध्ये फ्लोराइड चुळीच्या औषधापेक्षा पुष्कळ अधिक असते हे खरे, तरीही ही नोंद आम्ही मुद्दाम सांगतो. पीएचची किल्ली सगळी कुलुपे उघडते असा आमचा दावा नाही. ज्यांच्या तारा अशा धातूच्या आहेत त्यांनी दंतवैद्यांना विचारून औषध ठरवावे. तारा लावलेल्या मुलांत कीडही लवकर लागते, तेव्हा फ्लोराइड परस्पर बंद करणे हाही शहाणपणा नव्हे.

या धातूला बळ देण्याची युक्ती नाही असे नाही. रासायनिक कारखान्यांत जिथे आंबट द्रवांशी गाठ असते तिथे टायटॅनियममध्ये पॅलेडियम नावाचा मौल्यवान धातू चिमूटभर, म्हणजे ०.२ टक्क्यांच्या आसपास, मिसळतात. जपानी मंडळींनी असा मिश्रधातू फ्लोराइडमध्येही तपासला आणि तो साध्या टायटॅनियमपेक्षा खूप अधिक टिकला. पॅलेडियम महाग आहे, आणि कारखान्याच्या टाकीसाठी जो खर्च परवडतो तो कामगाराच्या दातासाठी परवडणारा ठरेपर्यंत वेळ लागतो. हा आमच्या धंद्यातला जुना अनुभव आहे.

आता बाटलीच्या कागदाविषयी. टूथपेस्टच्या नळीवर फ्लोराइडचे प्रमाण छापले पाहिजे आणि ते दशलक्षात १००० भागांहून अधिक नसावे, असा आपल्याकडे नियम आहे. चांगला नियम आहे. पण आंबटपणाचे काय? आमच्या हाती ज्या बाटल्या आल्या त्यांतल्या एकीवरही पीएच छापलेला नव्हता. सुगंध कोणता, रंग कोणता, बर्फासारखा गारवा कसा मिळतो, हे सारे ठळक अक्षरांत. म्हणून आम्ही एका उत्पादकाला पत्र घातले. तीन महिन्यांनी उत्तर आले की, ‘आमचे उत्पादन सर्व लागू नियमांचे पालन करते.’ अशी उत्तरे वाचण्यात आमचे केस पांढरे झाले आहेत. आम्ही विचारले होते आंबट किती; नियम मोडता का, असे विचारलेच नव्हते. दुसरे पत्र पाठविले आहे. छापण्याच्या शाईला पैसा लागत नाही असे नाही, पण एक अक्षर आणि एक आकडा एवढीच मागणी आहे, आणि हे मागणीपत्रक आम्ही सोडणार नाही.

उत्तर येईपर्यंत हात बांधून बसणे आमच्या स्वभावात नाही. कारखान्याच्या सांडपाण्याच्या प्रकल्पात पीएच तपासण्याच्या कागदी पट्ट्या असतात. द्रवात बुडवायची, रंग बदलतो, तो डबीवरच्या रंगाशी ताडून पाहायचा. तशी डबी आम्ही बाजारातून विकत आणली (कारखान्यातून उचलली नाही, हे व्यवस्थापकांच्या माहितीसाठी) आणि आमच्या सभासदाची बाटली त्याच्यासमोर तपासली. रंग सहा आणि सात यांच्यामध्ये आला. म्हणजे त्या औषधापासून त्याच्या मळसूत्रांना भिण्याचे कारण नव्हते. तो किती वेळ त्या पट्टीकडे पाहत होता! मग त्याने बायकोने आणलेली दुसरी बाटली खिशातून काढली, सवलतीत मिळाली म्हणून घेतलेली. तिचा रंग चारापाचाच्या मध्ये आला. ती बाजूला ठेवली. घरात दोन्ही बाटल्या मोरीच्या एकाच फळीवर उभ्या होत्या, आणि गडी घाबरून दोन्ही बंद करून बसला होता. चार महिने त्याने नुसत्या पाण्याने तोंड धुतले होते. दंतवैद्यांनी तपासले तेव्हा मळसूत्रे भक्कम निघाली, पण शेजारच्या खऱ्या दाढेला नवी कीड लागलेली आढळली. त्या चार महिन्यांनीच ती लावली असे आम्ही म्हणणार नाही, पण त्या चार महिन्यांनी तिला मदतच झाली असेल.

तेव्हा ज्यांच्या तोंडात हा धातू आहे त्यांच्यासाठी आम्हांला समजले ते असे. फ्लोराइडची चूळ बंद करू नका. आंबट औषध टाळा आणि उदासीन मागून घ्या. चूळ भरल्यावर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका, हे दंतवैद्य सगळ्यांनाच सांगतात. टायटॅनियमवाल्यांनी चुळीपाठोपाठ लिंबाचे सरबत घेऊ नये एवढे त्यात अधिक धरावे. मानेपाशी कीट साचू देऊ नका, कारण बाटली कितीही उदासीन असली तरी किटाखालचा आंबटपणा बाटली पाहून ठरत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना ही औषधे देऊ नयेत. ती गिळून टाकतात. आणि दवाखान्यात खुर्चीवर बसल्याबरोबर, तोंडात कापूस कोंबण्याआधी, ‘माझ्या जबड्यात टायटॅनियम आहे’ हे वाक्य उच्चारावे. नंतर बोलता येत नाही.

पट्ट्यांची एक डबी आम्ही सोबत आणली आहे. उद्याच्या व्याख्यानाआधी, सहा वाजता, या मांडवाच्या डाव्या बाजूला टेबल मांडून बसू. आपापल्या बाटल्या घेऊन यावे. डबीत शंभरच पट्ट्या आहेत. ज्यांच्या तोंडात मळसूत्र आहे किंवा ज्यांच्या मुलांच्या दातांवर तारा आहेत, त्यांना आधी येऊ द्यावे.